सहा मीटरवरचे चंद्रभानभाऊ

चंद्रभानभाऊ डाखोळे बोलायला लागले की आम्ही आपापल्या सेटचा आवाज कमी करायचो. खापरखेड्याच्या वीज केंद्रात मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथल्या घरघराटाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. गोधनीच्या घरात ते रेडिओवर बसले की रस्त्यावरचा भाजीवाला हातगाडी थांबवून ऐकत उभा राही.

"आवाज पोहोचाले पायजे गा सौरव," ते मला म्हणत. "नाही तं बोलून फायदा काय?"

हॅम रेडिओ हा परवाना काढून करायचा छंद. परीक्षा द्यायची, सरकारकडून आपलं सांकेतिक नाव मिळवायचं, आणि मग आपल्या सेटवरून आपल्यासारख्याच लोकांशी बोलायचं. नागपुरात आम्ही मोजकेच. रोज संध्याकाळी आमची हजेरी लागे आणि ती चंद्रभानभाऊ घेत. कोण आलं, कोणाच्या घरी काय, कोणाचा अँटेना वाऱ्याने वाकला, सगळी विचारपूस. पुष्पलताताई त्यात न चुकता असत. त्यांची सगळी नोकरी तारघरात झाली होती. तारसेवा बंद झाली तेव्हा त्यांनी घरी एक सेट घेतला. बोलत कमी, ऐकत जास्त. आणि एक कवडू होता.

कवडूची संत्र्याची बाग काटोलच्या पुढे, टेकड्यांच्या मधल्या खोलगट गावात. चंद्रभानभाऊंनी त्याला परीक्षेसाठी शिकवलं होतं. दर रविवारी तो एसटीने यायचा, गोपिकावहिनींच्या हातचं जेवायचा, आणि ओहमचा नियम विसरून परत जायचा. तिसऱ्या वेळी पास झाला. पण गाव असं, की नागपूरच्या रिपीटरचा आवाज तिथे उतरत नसे.

रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेलं एक यंत्र. ते दुबळा सेट बोलतो ते ऐकतं आणि त्याच क्षणी मोठ्या जोराने पुढे बोलतं. आमचा शहरातला रिपीटर दोन मीटर लांबीच्या लहरीवर चाले. ती लहर सरळ जाणारी. टेकडी आली की संपली. म्हणून कवडू रोज संध्याकाळी मोटरसायकल काढून गावामागच्या टेकडीवर चढे आणि हातातला सेट डोक्यावर धरून हजेरी लावे.

"कवडू हाजर," तो ओरडे. "आज संत्रा ठोकमध्ये..."

"भाव नाही सांगायचा!" चंद्रभानभाऊ मध्येच तोडत. "धंद्याची गोष्ट रेडिओवर नाही चालत. परवाना जाईन माहा आन् तुहाही."

"बरं मंग, भाव नाही सांगत. भाव चांगला आहे येवढंच सांगतो."

आम्ही सगळे हसायचो.

एका पावसाळ्यात कवडू दिसेनासा झाला. टेकडीचा रस्ता वाहून गेला होता आणि त्यात तो डेंग्यूने दवाखान्यात पडला. फोन लागत होता, पण घरात म्हातारी आई एकटी, ती फोन उचलायची नाही. तो बरा होऊन पुन्हा टेकडीवर आला तेव्हा त्याचा आवाज ऐकून चंद्रभानभाऊंनी हजेरी मध्येच थांबवली. मग म्हणाले, "आता तू चढू नको बाप्पा. तुह्या घरी खाटेवर बसून बोलशीन, असं काहीतरी करतो."

सहा मीटरचा रिपीटर लावायचा, हे तिथे ठरलं. सहा मीटरची लहर लांब. टेकडीच्या खांद्यावरून थोडी वाकून पलीकडे उतरते. पण तिचं सगळंच मोठं. एकाच अँटेनावर ऐकायचं आणि बोलायचं, तर यंत्राने स्वतःच्याच आवाजाने बहिरं होऊ नये म्हणून मध्ये गाळणी लागते. दोन मीटरची गाळणी काखेत मावते. सहा मीटरची म्हणजे माणसाच्या उंचीची अॅल्युमिनियमची नळकांडी, एक नाही, सहा. बाजारात मिळत नाहीत. चंद्रभानभाऊंनी ती घरीच बनवायला घेतली.

अंगणात नळकांडी उभी राहिली. जुन्या वायरलेसचे सेट लिलावातून आले. बाकीचा सटरफटर माल सीताबर्डीच्या फूटपाथवरून यायचा. गोपिकावहिनी त्या नळकांड्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालत.

"मले बाया विचारतात, भाऊजी रॉकेट बनवून राहिले का?" त्या एकदा चहा देताना म्हणाल्या.

"सांग त्यायले," चंद्रभानभाऊ गालात खर्रा दाबत म्हणाले, "पहिले तुलेच पाठवतो चंद्रावर."

"पहिले तो खर्रा थुंका. मंग पाठवा."

तो खर्रा त्यांच्या गालात कायम असे. सुपारी, तंबाखू, चुना. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घोटलेला. ड्यूटीवर झोप येऊ नये म्हणून तरुणपणी धरलेली सवय. विदर्भात कोणी कोणाला त्यावरून टोकत नाही, कारण टोकणाऱ्याच्याही खिशात पुडी असते.

काटोल रोडवर एका चढावर भैय्याजी म्हणून एका व्यापाऱ्याचं शीतगृह आहे. कवडूची संत्री तिथेच जायची. त्यांनी गच्ची वापरायला दिली. परवानगीचे कागद दिल्लीला गेले आणि आम्ही वाट पाहत बसलो.

त्याच दिवसांत चंद्रभानभाऊंचा आवाज बिघडला.

रेडिओवर तो जड येऊ लागला. "स" आणि "ट" नीट कळेना. आम्हाला वाटलं, माइक गेला. त्यांनी माइक बदलला. फरक पडला नाही. दुसरा आणला. मी माझा नवा माइक नेऊन दिला. मग सेटच उघडून बसलो आम्ही दोघं. सगळं तपासलं, सगळं बरोबर होतं. संध्याकाळी हजेरीत पुन्हा तेच. कवडू टेकडीवरून म्हणाला, "भाऊ, तुमी गोधडी पांघरून बोलून राहिले का?"

दुसऱ्या दिवशी पुष्पलताताई रिक्षा करून गोधनीला आल्या. त्या कधी कोणाकडे जात नसत, म्हणून वहिनी जरा गोंधळल्याच. ताई खुर्चीवर बसल्या. चंद्रभानभाऊ माइकचा दोष सांगू लागले, तो त्यांनी पूर्ण ऐकला. मग म्हणाल्या, "चंद्रभानजी, यंत्रात काही बिघाड नाही. तोंड उघडा."

ते हसले. "डॉक्टर झाले का तुमी?"

"उघडा म्हणते ना."

त्यांनी उघडलं. दोन बोटांच्या वर ते उघडतच नव्हतं. जिभेच्या कडेला पांढरी, कडक जखम होती. त्यांना ती ठाऊक होती. कित्येक महिने ठाऊक होती. तिखट खाणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं आणि वहिनींना सांगितलं होतं, वयाने पोटात आग पडते.

गोपिकावहिनी दारात उभ्या होत्या. "मले काहून नाही सांगतलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"रिपीटर झाला की दाखवणार होतो," चंद्रभानभाऊ म्हणाले.

डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं, कॅन्सर. जीभ जवळजवळ सगळी काढावी लागली, खालच्या जबड्याचा तुकडाही. कवडू दवाखान्यात दोन दिवस बाकावर बसून होता. भाऊंची मुलगी काजल पुण्याहून आली, रजा संपेपर्यंत राहिली. चंद्रभानभाऊ घरी परतले तेव्हा नाकात नळी होती आणि गळ्यात मांडीच्या कातडीचा जोड. घशातून एक ओला, विनाअक्षरी आवाज येई. तो इतरांनाही ऐकू येतो हे समजल्यावर त्यांनी तोही बंद केला. काजलने पाटी आणून दिली. पाटीवर त्यांनी पहिला शब्द लिहिला तो माझ्यासाठी: "परवानगी?"

परवानगी आली होती.

त्यांनी काम पुन्हा धरलं. नळकांड्यांच्या आतल्या दांड्या फिरवून गाळणी सुरात आणायची असते. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. अशक्त हातांनी ते तासन् तास तेच करत. मी मीटरवरचे आकडे वाचायचो आणि ते बोटाने खूण करायचे. कधी चिडले की पाना जमिनीवर आपटायचे, कारण शिवी देता येत नव्हती.

एका दुपारी मी मोबाइल घेऊन गेलो. रिपीटरला दर थोड्या वेळाने आपलं नाव सांगावं लागतं, तसा नियम आहे. जुन्या हजेरीचं एक रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. चंद्रभानभाऊंचा तोच खणखणीत आवाज, सांकेतिक नाव सांगणारा. तो कापून यंत्रात भरावा, असं मला सुचलं होतं. मी अंगणात स्पीकरला जोडून तो लावला.

आवाज घरभर गेला. चंद्रभानभाऊ पान्यासकट थबकले. आतून गोपिकावहिनी धावत आल्या, हात कणकेने भरलेले. त्यांनी आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. क्षणभर त्यांना काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं, आणि मी घाईघाईने मोबाइल बंद करू लागलो.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. "माणूस इथी जित्ता बसला आहे. तू त्याचा आवाज काहून वाजवून राहिला?"

चंद्रभानभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग पाटी घेतली आणि त्यावर शब्द नाही, टिंबं आणि रेघा काढल्या. नाव मोर्समध्ये जाईल.

मोर्स ही तारेची भाषा. लहान आणि लांब ठोक्यांतून इंग्रजी अक्षरं. चंद्रभानभाऊंनी परवाना काढला तेव्हा ती परीक्षेत होती. आम्ही मागून आलेल्यांना तिची गरज पडली नाही, म्हणून आली नाही. ती येणाऱ्या आमच्यात दोघंच होती: चंद्रभानभाऊ आणि पुष्पलताताई.

रिपीटर चढवला तो दिवस थंडीचा होता. भैय्याजींच्या माणसांनी नळकांडी दोराने वर ओढली. चंद्रभानभाऊ खाली खुर्चीवर, मफलरमध्ये. चालू केल्यावर मी कवडूला हाक दिली. कवडू घरी होता, खाटेवर.

"आलं!" तो ओरडला. "सौरव, आलं गा! माह्या घरात आलं! मायही ऐकून राहिली." मागून म्हातारीचं हसू ऐकू आलं. मग तो जरा थांबला. "भाऊ आहे का तेथी?"

चंद्रभानभाऊंनी मांडीवरची मोर्सची किल्ली पुढे ओढली. माइकजवळ छोटा बझर लावला होता. ते ठोके देऊ लागले. कवडूला काहीच कळणार नव्हतं. पण दूर आपल्या घरी पुष्पलताताई ऐकत होत्या, आणि ठोके थांबल्यावर त्यांचा शांत, सरळ आवाज आला. "चंद्रभानजी विचारतात, कवडू, आवाज कसा आहे?"

नुसतीच लहर उघडी राहिली. कवडूने बटण दाबून धरलं होतं आणि त्याच्या अंगणातली कोंबडी ऐकू येत होती. शेवटी तो म्हणाला, "चांगला आहे म्हणा. लय साफ आहे."

ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच्या घरात आता आमच्या सगळ्यांचे आवाज पोहोचत होते. एक सोडून.

पुढे जवळपास वर्षभर अशीच हजेरी चालली. चंद्रभानभाऊ रोमन अक्षरांत मराठी ठोकत, वऱ्हाडीच ठोकत, आणि ताई ती जशीच्या तशी वाचत. त्यांच्या प्रमाण उच्चारातून "काहून गा लेका" ऐकताना हसू यायचं. पण एक वाक्य यायला फार वेळ लागे. लोकांना धीर नसतो. हळूहळू एकेक जण गळाला. कोणी जुन्या रिपीटरवर परत गेला, कोणी व्हॉट्सअॅपवर. मीही दौऱ्यांमुळे रोज नसायचो.

कवडू मात्र एक दिवस चुकला नाही. त्याने मोर्स शिकायचा प्रयत्न केला. ताई त्याला रोज दोन अक्षरं देत. त्याच्या कानात काही बसेना. "ताई, मले सगळं टिटवीवाणी ऐकू येते," तो म्हणे. एक अक्षर तेवढं पक्कं झालं: लहान, लांब, लहान. "ऐकलं" असा त्याचा अर्थ. मग तो एकटाच बोलत राही. बागेत रानडुकरं घुसली, मायच्या गुडघ्याला सूज आली, संत्र्याचा आंबिया बहार यंदा बरा धरला. आणि मध्ये मध्ये ते अक्षर येई. लहान, लांब, लहान. त्या वेळी ताईंची गरज लागत नसे.

नोव्हेंबरात जखम पुन्हा उठली, या खेपेला मानेत. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा. चंद्रभानभाऊंना ते सांगावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी हजेरीत तिघंच होते. मी नव्हतो, ताईंनीच मला हे पुढे सांगितलं. कवडूकडे संत्र्याची तोड चालू होती. मजूर लावलेले, गाड्या उभ्या, मागे गलका. त्याने विचारलं, "भाऊ, तब्येत कशी आहे?"

ठोके आले. संपलं आहे, महिनाही नाही, असं ते म्हणत होते. आणि पुढे: कवडूले सांगू नका, त्याची तोड चालू आहे, तो सगळं टाकून येईन.

ताईंनी माइक उचलला. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो तारा वाचल्या होत्या. मेल्याच्या, जन्मल्याच्या, लग्न मोडल्याच्या. एकातही स्वतःचा शब्द घातला नव्हता. त्या म्हणाल्या, "तब्येत ठीक आहे म्हणतात. तू तोड संपव, मग सवडीने ये."

"हौ," कवडू खुशीत म्हणाला. "दत्तजयंतीच्या अंदर येतो. भाऊले सांगा, चांगली फळं बाजूले काढून ठेवली. रस तं पोटात जाते ना नळीनं?"

लहान, लांब, लहान, असं उत्तर आलं.

चंद्रभानभाऊ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी गेले. वहिनी नळी धुवायला आत गेल्या होत्या, परत आल्या तोवर ते नव्हते. मी कवडूला फोन केला. तो घाटावर आला तेव्हा चिता पेटलेली होती. अंगावर तोडीचेच कपडे, नखांत माती.

घरी आल्यावर तो ओट्यावर बसला. वहिनी बाहेर आल्या आणि त्याला पाहून एकदम रडू लागल्या. "तुह्याच नावाचा घोर होता रे त्यायले," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं सांगतलं त्या दिवसापासून. कवडूले सांगू नका, कवडूले सांगू नका. पाटीवर तेच, रेडिओवर तेच."

कवडूने मान वर केली. "रेडिओवर?"

पुष्पलताताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे चुकवले नाहीत. "हो. मला सांगितलं होतं त्यांनी. मी तुला वेगळं वाचून दाखवलं."

"तुमी मले ठीक आहे म्हणून सांगतलं."

"हो."

"मी गाड्या भरत होतो, ताई. संत्रे मोजत होतो." त्याचा आवाज चढला नाही. "एक बार हात धरला असता त्याचा. बोलता नसतं आलं त्याले, नसतं आलं. हात तं होता ना?"

वहिनी मध्ये पडल्या, "यायनंच सांगतलं होतं रे तिले."

"त्यायनं सांगतलं त्यायच्या मनानं. हिनं वाचाचं होतं जे आलं ते." तो उठला, चपला शोधल्या आणि रस्त्याला लागला. त्याने आणलेली संत्र्यांची टोपली ओट्यावरच राहिली.

त्यानंतर सहा मीटरवर ताई रोज संध्याकाळी हजेरी घेत. एकट्याच. कधी मी असायचो. "कवडू," त्या नाव घेत, वाट पाहत, आणि पुढे जात. पुढे कोणी नसे. मी म्हटलं, ताई, बंद करा आता. त्या म्हणाल्या, "यादीत नाव आहे त्याचं. न पुकारता कशी पुढे जाऊ?" मला त्यांच्याकडे पाहवत नसे. तारघरातून निवृत्त झाल्या तेव्हाही इतक्या म्हाताऱ्या दिसल्या नव्हत्या.

मे महिन्यात वावधन सुटलं. झाडं पडली, टिनं उडाली. शीतगृहावरचा अँटेना अर्ध्यातून वाकला आणि रिपीटर मुका झाला. मी आमच्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप टाकला, रविवारी हात लागतील. दोन-तीन जणांनी अंगठे दाखवले. रविवारी सकाळी गच्चीवर मी आणि ताई, दोघंच. त्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या.

खाली एक जीप थांबली. कवडू उतरला, खांद्यावर दोर, सोबत बागेतला एक गडी. तो जिना चढून आला. मला म्हणाला, "भैय्याजीनं सांगतलं." ताईंकडे त्याने पाहिलं नाही. चप्पल काढली, खांबावर चढला, वाकलेल्या नळीला दोर बांधला आणि दुसरं टोक खाली सोडलं. मी आणि गडी खांबाचा बुंधा धरून होतो. दोराचं टोक ताईंच्या पायाशी पडलं.

वर कवडूने बांधलेली गाठ पुन्हा आवळली, मग आणखी एकदा.

"ताई," शेवटी तो म्हणाला, वरूनच, पाठ करून. "धरा. मी सांगतो तवा ढील द्या."

त्यांनी दोर उचलला आणि हाताला वेढा घेतला. काम संपेपर्यंत तो "ताना" आणि "ढील" एवढंच बोलला, आणि त्या तसं करत गेल्या. दुपारपर्यंत अँटेना सरळ झाला. कवडू खाली उतरला, प्यायला पाणी मागितलं. ताईंनी आपली बाटली पुढे केली. त्याने ती घेतली, वरून पाणी प्यायला, झाकण लावून परत दिली. मग जीपमध्ये बसून निघून गेला.

त्या संध्याकाळी ताईंनी हजेरी घेतली. मी घरून ऐकत होतो. त्यांनी माझं नाव घेतलं, मी उत्तर दिलं. मग त्या म्हणाल्या, "कवडू."

कोंबड्यांचा आवाज आला. कोणीतरी बटण दाबलं होतं.

"आहे," तो म्हणाला, आणि सोडून दिलं.